गोळी रोज घ्या, बाबा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आई बोलता बोलता म्हणाली की तुम्ही रक्तदाबाची गोळी हल्ली खर्च वाचवायला एक दिवसाआड घेता, आणि विम्याचा हप्ताही यंदा भरायचा नाही म्हणता. फोनवर तुम्ही "बघू" म्हणून विषय मिटवाल, म्हणून लिहितेय.

विम्यावरचा तुमचा राग मला पटतो. आंब्याचे पैसे हातात आले की तुम्ही आधी हप्ता भरलात, मग फवारणीचं बघितलंत. आणि मिळालं काय? आपल्याकडचा आरोग्यविमा मुख्यतः ॲडमिट होण्याचा विमा आहे. अर्धांगाचा झटका आला तर लाखांचं बिल कंपनी देईल, पण तो झटका टाळणारी रोजची गोळी तुमच्या खिशातून. मला हे फार लागतं. म्हातारपणी माणूस पिचतो तो या महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या खर्चानं.

विमा नियामकाचे 2023-24 चे आकडे मी पाहिले. फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या खाजगी कंपन्यांनी हप्त्याच्या दर 100 रुपयांतले सुमारे 65 रुपयेच दाव्यांपोटी दिले. सरकारी कंपन्यांचे दावे हप्त्यापेक्षाही जास्त झाले. उरलेले 35 हा सगळा नफा नव्हे, कमिशन, पगार, जाहिराती त्यातूनच जातात. तरी आजारी माणसाच्या वाट्याला एवढंच यावं हे मला अन्यायाचं वाटतं.

पण म्हणून पॉलिसी सोडू नका. सोडून पुन्हा घेतलीत, तर जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीवरच राग असेल तर मुदत संपायच्या आधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू, म्हणजे आजवर काढलेली वर्षं वाया जाणार नाहीत. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाला विचारावं लागतं. यंदाचा हप्ता मी भरते. यावर वाद नको.

आता गोळ्यांचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. तेच औषध जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. पण दुकानदाराला चिठ्ठीवरचा ब्रँड स्वतःहून बदलता येत नाही, म्हणून डॉक्टरांनाच सांगा, "औषधाचं मूळ नाव लिहून द्या." यात संकोच कसला? आईच्या साखरेच्या गोळ्यांचंही तेच. एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेवरच्या औषधाचं पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा हक्क, मार्च 2025 मध्ये संपलं आणि 60 रुपयांच्या आसपासची गोळी इतर कंपन्या 15 रुपयांच्या आत विकू लागल्या. औषध तेच! इतकी वर्षं लोकांनी किती जास्त मोजले असतील, हा विचार मनातून जात नाही. आईला कुठली गोळी चालू आहे ते मला कळवा, कारण स्वस्त पर्याय आला तरी तो आपोआप आपल्या चिठ्ठीवर येत नाही.

बाबा, तुम्ही सत्तरी ओलांडलीत, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्हाला मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे मोफत उपचार, आणि खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. आधार कार्ड घेऊन जा. आई अजून सत्तरीची नाही, पण राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. रेशनकार्ड आणि अधिवासाचा दाखला एका पिशवीत काढून ठेवा. अर्थात हेही सगळं ॲडमिट झाल्यावरचंच.

म्हणून पुन्हा गोळीवरच येते. रक्तदाब वाढलेला जाणवत नाही, बाबा. "मला काही होत नाही" या बोलण्याला म्हणूनच अर्थ नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री-अपरात्री देवगडहून कणकवली, तिथून फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल. रस्त्यातच वेळ संपेल. हे मला झोपू देत नाही.

आई, चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं दोन्हींचे फोटो आजच पाठव, म्हणजे मूळ नावं मी काढून देते. आणि बाबांची सकाळची गोळी चहाबरोबर तूच हातात दे. ती का चुकत होती, हे डॉक्टरांनाही सांगा, लपवू नका.

तुमची,
ताई