टायरच्या भट्ट्या आणि कायद्यातील व्याख्या

महोदय,

प्राणवायूचा पुरवठा न करता प्लास्टिक तापवून त्याचे तेल काढणाऱ्या पायरोलिसिस प्रकल्पांना अमेरिकेत ‘प्रगत पुनर्चक्रण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. रसायन उद्योगाच्या आग्रहावरून तेथील वीसहून अधिक राज्यांनी कायदे करून हे प्रकल्प घनकचऱ्याच्या नियमांतून काढले आणि वस्तुनिर्मिती उद्योगांत घातले. फ्लोरिडाने २०१७ मध्ये, तर टेक्सासने २०१९ मध्ये ही वाट धरली. हवा प्रदूषणाचे परवाने तरीही घ्यावेच लागतात, हे उद्योगाचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र कचरा किती आणि किती काळ साठवायचा, प्रकल्प बंद पडल्यास जागा स्वच्छ करण्याची आर्थिक हमी कोणी द्यायची, या गोष्टी मुख्यतः कचऱ्याच्या कायद्यात असतात आणि व्याख्या बदलताच नेमक्या त्याच हातून निसटतात. ही भीती केवळ कागदी नाही: इंडियाना राज्यातील ॲशली येथे वर्षाला एक लाख टन प्लास्टिक हाताळण्याच्या घोषणेसह उभ्या राहिलेल्या प्रकल्पाच्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

नवल असे की, याबाबत आपला नियम अधिक सरळ आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टिकपासून तेल काढणे हे सिमेंट भट्टी व रस्तेबांधणी यांच्या पंक्तीला, म्हणजे अंतिम विल्हेवाटीत बसवले आहे, पुनर्चक्रणात नव्हे. टाकाऊ टायर तापवूनही याच पद्धतीने तेल काढतात; अशा पायरोलिसिससाठी टाकाऊ टायर आयात करण्यावरही त्याच वर्षी बंदी आली. असे असूनही जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा येथे टायरवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन दोन महिला आणि दोन बालके दगावली, आणि तेथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, असे वृत्त बीबीसीने दिले.

तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा प्रत्येक कारखान्याचे संमतीपत्र, शेवटच्या तपासणीचा दिनांक, टायर कोठून आले याची नोंद आणि मागे उरणारी काळी भुकटी कोठे जाते याचा तपशील संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि बंद पडणाऱ्या भट्टीची जागा साफ करण्यापुरती बँक हमी संमती देण्यापूर्वीच घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पालघर