गाडीची खरी किंमत छापा

संपादक महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा वाटलं चला आता आपलीपण गाडी होईल, आईला पावसात बाइकवरून दवाखान्यात न्यायला नको. शोरूममध्ये गेलो तर ऑन-रोड किंमत वेगळीच, आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीलाही ११ टक्के रोड टॅक्स, त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम भरायचा, वर अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारतात. बायकोने तिथेच कोटेशनच्या मागे हिशेब मांडला, हप्ता साडेनऊ हजार आणि आमचं घरभाडं आठ हजार, मग काय, गाडी राहिली. निदान पहिल्या छोट्या गाडीला तरी सरकारने रोड टॅक्स कमी करावा आणि जाहिरातीत ऑन-रोड किंमतच छापायची सक्ती करावी.

– एक वाचक, कराड