दोन स्टार देणारं गिऱ्हाईक मीच

नमस्कार दादा,

गेल्या पावसाळ्यात तुमच्या चायनीजच्या दुकानाला मोबाईलवरून दोन स्टार देऊन ‘मीठ फार, नूडल्स तेलात पोहतात’ असं लिहिणारा मीच. ते तुमच्या ध्यानात होतं, हे मला जानेवारीत कळलं.

बाबांच्या अँजिओप्लास्टीला तेव्हा दीड महिना झाला होता. घरचं अळणी खाऊन ते वैतागलेले. एका शुक्रवारी ‘मला चायनीजचा राइस पाहिजे’ म्हणून हटूनच बसले. डॉक्टर म्हणाले होते, कधीतरी चालेल, पण मीठ बेतानं. मी काउंटरवर येऊन शहाण्यासारखं सांगितलं, “एक हाफ व्हेज राइस, आजिनोमोटो नको.” चायनीजमध्ये चवीसाठी घालतात ती पांढरी पूड, तीच वाईट असं ऐकलेलं.

तुम्ही विचारलंत, कुणासाठी? मी सांगितलं. “मग नुसता आजिनोमोटो काढून काय उपयोग? मीठ सगळं सोया सॉसमधनं जातंय. तुम्हीच लिवलं होतं न्हवं, मीठ फार म्हणून?”

मान खाली घालायची वेळ आली. नंतर घरी वाचून बघितलं तर तुमचंच खरं. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला २,००० च्या आत राहा म्हणते. आजिनोमोटोत तर सोडियम मिठातल्याच्या साधारण एक तृतीयांशच असतं. आम्ही इतकी वर्षं भलत्यालाच शिव्या घालत होतो.

तुम्ही रांग थांबवून कढई धुतलीत. लसूण, कांद्याची पात, गाजर, कोबी, मिरपूड, वरून थोडं व्हिनेगर. सॉसच्या बाटल्यांना हातच लावला नाही. जाळ कढईच्या काठावरून आत शिरला, भात दोनदा वर उडाला. मागून एकजण ‘ट्रिपल शेजवानला किती वेळ ओ?’ म्हणून ओरडला, तर तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, “पेशंटचं हाय, थांब की जरा.” पार्सलच्या पिशवीवर मार्करनं ‘बाबा’ लिहिलंत. ती पिशवी आईनं घडी घालून ठेवलीय, का ते मला विचारू नका.

बाबांचा पहिला अभिप्राय : “फिक्कं आहे.” दुसऱ्या घासाला : “पण तो गाडीवरचा धुरकट वास आहे.” डबा रिकामा झाला. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी बोटं चाटली.

आमच्या विश्रामबागेत तुमच्याबद्दल दोन मतं आहेतच. २०२४ च्या मार्चमध्ये शेजारी कर्नाटकात गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली, तेव्हा तुम्हीही लाल रंग बंद केलात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अजून म्हणतात, ‘मंचुरियनला पूर्वीची मजा नाही, भज्यासारखं दिसतं.’ चिनी लोकांना हे विचारायची सोय नाही. मंचुरियन म्हणे मुंबईतच जन्माला आलं. पण गिऱ्हाईक तुटेल हे दिसत असून तुम्ही रंगाची डबी परत काढली नाहीत, हे मी पाहिलंय.

आता दर पंधरवड्याला बाबा स्वतः चालत येतात. ‘माझं वेगळं’ एवढंच म्हणतात आणि तुम्ही कढई धुवायला घेता. ज्यादा पैसे मात्र एकदाही घेतले नाहीत.

त्याबद्दल मनापासून आभार, दादा. परवा दोनाचे चार स्टार केले. पाचवा राखून ठेवलाय. नूडल्सला तेल अजून जास्तच होतंय.

तुमचा,
‘बाबा’वाल्या पार्सलचा मुलगा