सड्यावर ट्रायपॉड बुटका हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ट्रायपॉड कसा निवडावा यावर लेख आला होता. लेख तळमळीने लिहिला आहे, नवशिक्यांना त्याचा उपयोगही होईल. पण ‘ताठ उभं राहिल्यावर कॅमेरा डोळ्याशी येईल एवढा उंच ट्रायपॉड घ्या’ हा त्यातला पहिलाच सल्ला आमच्या कोकणात चालत नाही. तो वाचून इथली मुलं साठवलेले पैसे घेऊन दुकानात जातील, म्हणून हे पत्र.

मी राजापूर तालुक्यात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सड्यावरच्या, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावरच्या, वनस्पतींचे फोटो काढते. पाऊस लागला की जांभ्याच्या कातळावर आधी दीपकाडीची पांढरी फुलं दिसतात. पुढे श्रावण-भाद्रपदात गेंद येतो, सीतेची आसवं येतात, ओलसर खळग्यांच्या कडेला दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती येते. सीतेच्या आसवांचं फूल माझ्या करंगळीच्या नखाहून फार मोठं नसतं आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर डुलत असतं. दवबिंदूच्या पानावरच्या केसांच्या टोकांना जो चिकट थेंब असतो, तो नीट दिसायला कॅमेरा त्याच्या उंचीला न्यावा लागतो. वरून वाकून काढलेल्या फोटोत नुसता लाल ठिपका येतो.

माझा पहिला ट्रायपॉड चांगला पाच फूट उंच होता. त्याचे तिन्ही पाय मधल्या दांडीला आडव्या पट्ट्यांनी जोडलेले होते. घरच्या फरशीवर तो अगदी देखणा उभा राहायचा. सड्यावर नेल्यावर लक्षात आलं, की पट्ट्यांमुळे तिन्ही पाय एकाच वेळी आणि सारखेच उघडतात. एक पाय खळग्यात, दुसरा उंचवट्यावर आणि तिसरा आडवा पसरलेला, अशी कातळाची मागणी असते. त्याला ते जमायचं नाही. शिवाय मधली दांडी खाली टेकायची, त्यामुळे दीड फुटाच्या खाली कॅमेरा जायचाच नाही. दोन पावसाळे मी पोटावर झोपून, कोपर कातळावर टेकून फोटो काढले आणि ते बहुतेक सगळे हललेले निघाले.

म्हणून माझं सांगणं असं, की दुकानात ट्रायपॉड उभा करून बघायच्या आधी तो जमिनीवर पसरून बघा. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या कोनात उघडून अडकतो का? मधली दांडी काढता येते का, किंवा तिचा खालचा अर्धा भाग वेगळा होतो का? कॅमेरा वीतभर उंचीवर आला, तर तो ट्रायपॉड सड्यावर चालेल. हल्ली काही ट्रायपॉडची दांडी उपसून आडवी करता येते. खालच्या रोपावर सरळ वरून कॅमेरा धरायला ती फार सोयीची. पण आडव्या दांडीवर कॅमेरा लोंबत असताना एक पाय नेमका त्या दांडीच्या खाली यायला हवा, नाहीतर सगळा डोलारा कॅमेऱ्याच्या बाजूला कलंडतो.

उंची किती हवी, याचंही उत्तर दांडी खाली घेऊन मोजावं. वर उपसलेली दांडी म्हणजे तीन पायांच्या डोक्यावर उभा केलेला चौथा, एकटा पाय. सड्यावरच्या वाऱ्यात ती थरथरतेच. माझा आताचा ट्रायपॉड दांडी न उपसता छातीपर्यंत येतो आणि मला तेवढा पुरतो. वाऱ्यात मी दांडीच्या आकड्याला कापडी पिशवी अडकवते आणि तिच्यात चिऱ्याचा तुकडा ठेवते. पिशवीचं बूड मात्र जमिनीला टेकलेलं असावं. अधांतरी राहिली की तिचा झोपाळा होतो आणि ती स्थिरता देण्याऐवजी कॅमेरा हलवते. बटण बोटाने दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्समध्ये हादरे सावरायची सोय असेल तर ट्रायपॉडवर ती शक्यतो बंद ठेवावी, कारण स्थिर कॅमेऱ्यावर काही लेन्सची ती यंत्रणाच फोटो हलवते.

कार्बन की ॲल्युमिनियम, यावर लेखात बरंच आहे. कार्बन हलका आणि खाऱ्या हवेत तो गंजत नाही, हे खरं. पण त्याच्याही सांध्यांत धातू असतोच. विद्यार्थ्याने ॲल्युमिनियमचा घ्यावा आणि तो धुवावा.

धुण्याबद्दल लेखात एक ओळही नाही. ते मी फार महागात शिकले. चार वर्षांपूर्वी ओहोटीच्या वेळी आरे-वारेच्या पुळणीवर संध्याकाळचा फोटो काढत होते. परत फिरणाऱ्या लाटेची रेघ यावी म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं होतं. लाट आली, पायांना वळसा घालून गेली आणि जाताना पायांखालची वाळू घेऊन गेली. समुद्राकडचा पाय खचला. कॅमेरा मी हाताने झेलला, पण लेन्स पाण्यात गेली ती गेलीच. घरी येऊन पाय मिटवायला घेतले, तर फिरवून घट्ट करायच्या कड्यांमध्ये वाळू करकरत होती. मी तसाच जोर लावला आणि दोन कड्यांचे आटे कायमचे गेले.

तेव्हापासून पुळणीवर मी तीन गोष्टी करते. एरवी पाय लांबवताना वरचा जाड भाग आधी उघडावा, कारण खालचा बारीक भाग जास्त लवचीक असतो. पाण्यात किंवा ओल्या वाळूत मात्र उलट करावं. सगळ्यांत खालचा बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. दुसरं, पाय पूर्ण फाकवून मग दाबू नयेत. थोडे आत ठेवून दाबावेत, म्हणजे वाळूत शिरताना ते आपोआप बाहेर सरकतात. आधीच ताणून उघडलेला पाय दाबला तर वरच्या बिजागरीवर सगळा भार येतो आणि ती तुटू शकते. तिसरं, मी तीन नारळाच्या करवंट्या सोबत ठेवते. तोंड वर करून त्या वाळूत थोड्या रुतवायच्या आणि प्रत्येकीत एक पाय ठेवायचा. नुसता पाय जसा भसकन आत जातो तसा करवंटीतला जात नाही. एवढं करूनही एक लाट येऊन जाऊ द्यावी, ट्रायपॉड बसला की मगच फोटो काढावा. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नये.

घरी आल्यावर, त्याच रात्री, बादलीभर गोड्या पाण्यात पाय मिटलेले न ठेवता पूर्ण उघडून बुडवायचे. महिन्यातून एकदा खालचे तुकडे सोडवून काढायचे. आत प्लास्टिकच्या पातळ चकत्या असतात, त्यांचा क्रम आणि बाजू लक्षात ठेवायची (मी मोबाइलवर फोटो काढून ठेवते). आटे जुन्या टूथब्रशने घासायचे आणि सावलीत वाळवायचे. वरचं बॉल हेड (ज्यावर कॅमेरा बसवून हवा तसा वळवतात तो गोल सांधा) पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पाण्यात उभं राहायचा विचार करूनच घडवलेले ट्रायपॉडही आहेत. बेनबो नावाच्या ब्रिटिश ट्रायपॉडचा खालचा नळ बाहेरच्या अंगाला आणि तळाशी बंद असतो, त्यामुळे चिखल-पाणी आत शिरत नाही. एकच खटका सैल केला की पाय आणि दांडी हव्या त्या दिशेला वळतात. आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि वजनालाही जड आहे.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसले, तिच्याकडे येते. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांचा, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांचा, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आणि फोटो काढणाऱ्यांची ये-जा वाढली. याचा मला आनंदच आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तो पाहायला लोकांनी यावंच. या शिल्पांच्या रेषा उथळ असतात. भर दुपारी त्या दिसत नाहीत. सूर्य उगवल्यावर किंवा मावळताना तिरपा उजेड आला, की प्रत्येक खाचेत सावली उभी राहते. त्या वेळी उजेड कमी असतो, म्हणून ट्रायपॉड लागतो.

याच वेळी नुकसान होतं. बऱ्याच ट्रायपॉडच्या रबरी बुटांखाली लोखंडी खिळे असतात. बूट फिरवला की खिळा बाहेर येतो. चिखलात, गवतात तो उपयोगी पडतो. जांभा मात्र मऊ दगड आहे. गेल्या मार्गशीर्षात एका शिल्पावर पहाटे पोहोचले, तर रेषेच्या अगदी काठावर तीन ताजे ओरखडे होते. काळ्या पडलेल्या पृष्ठभागाखालचा तांबडा दगड उघडा पडला होता. मी माझा ट्रायपॉड काढला, तेव्हा जमीनमालक काका पाणी घेऊन आले होते. ते म्हणाले, “बाई, खिळं काढा आधी. पांडवांनी काढलेला हाय ता.” माझ्या ट्रायपॉडला रबरच होतं. ते त्यांनी वाकून, बोटाने चाचपून पाहिलं आणि मगच मला पुढे जाऊ दिलं.

शिल्पाच्या रेषांच्या आत पाय टेकवायची गरजच नसते. बाहेर उभं राहून दांडी आडवी करा, नाहीतर कॅमेरा लांब काठीला बांधून वर धरा. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नका, तिरप्या उजेडाची वाट पाहा.

आपलं वर्तमानपत्र दरवर्षी वाचकांची छायाचित्र स्पर्धा घेतं आणि तिच्यात कातळशिल्पांचे फोटो येतात. माझी विनंती आहे, की यंदाच्या नियमांत एक ओळ वाढवावी: शिल्पावर ट्रायपॉडचा पाय टेकवला नाही, असं फोटो पाठवणाऱ्याने लिहून द्यावं, आणि फोटोत ओरखडा किंवा खडू दिसला तर तो फोटो स्पर्धेत घेऊ नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी