निळी वही पाठवतोय, पण आधी हे वाच

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं सुट्टीत मस्कतहून गाडीने ओमानच्या किनाऱ्याने जाणार म्हणून तू मागितलेली निळी वही सापडली. माळ्यावर, तुझ्या दहावीच्या पुस्तकांखाली होती. पानांचे फोटो काढून पाठवतो, पण त्याआधी हे पत्र पूर्ण वाच आणि जावईबापूंनाही वाचून दाखव. फोनवर काही सांगायला लागलो की तू 'हो पप्पा, हो पप्पा' करून आईकडे फोन द्यायला सांगतेस, म्हणून लिहूनच काढलं.

वहीत अल अश्खरापासून दुक्मपर्यंतचा किनारा किलोमीटरवार लिहिलेला आहे. गंमत म्हणून वाचा. पण त्यातला मार्ग मोबाइलमध्ये भरून त्यावरून गाडी हाकायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. नव्वदच्या दशकात मी सर्व्हे कॅम्पवर मेकॅनिक होतो, तेव्हाचा तो किनारा आहे. आता तो तसा उरलेला नाही. एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'खलूफ सोडलं. समुद्र डाव्या हाताला. उलटं पडलेलं काळं पिंप, तिथून आत वळणे. वाळू टणक.' पुढच्याच मोसमात त्या पिंपावर वाळूची टेकडी चढली होती आणि टणक म्हणून लिहिलेल्या जागी आमची पाण्याची गाडी दिवसभर अडकली. त्यानंतर २००७ मध्ये गोनू आणि २०१० मध्ये फेत ही चक्रीवादळं त्याच बाजूने गेली. खोरांची, म्हणजे तिथल्या खाड्यांची, तोंडं बुजली, दुसरीकडे फुटली. इंटरनेटवर कुणी टाकलेला मागच्या वर्षीचा मार्गही माझ्या वहीइतकाच जुना समजा.

हे असं का होतं, ते कॅम्पातल्या भूगर्भवाल्या साहेबांनी मला समजावून सांगितलं होतं. जूनमध्ये जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे ब्रह्मगिरीवर ढग आणून ओततो, तोच तिकडे किनाऱ्याला धरून वाहतो. समुद्राचं वरचं ऊन पाणी तो बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. म्हणून ऐन उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर धुकं असतं, समुद्रात मासळीच मासळी असते, आणि पाऊस टिपूसभर नाही. तोच वारा वाळू उचलतो. वहिबाच्या वाळवंटातल्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या रांगा त्यानेच रचल्या, काही तर शंभर मीटर उंच आहेत. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरची शिंपल्यांची वाळू वाऱ्याने आत आणली आणि तीच चुन्याने चिकटून पुढे दगड झाली. अश्खरा सोडून दक्षिणेला निघालात की किनाऱ्याला पिवळट, तिरप्या रेघांचे कडे लागतील. नखाने खरवडून बघ. तो दगड म्हणजे जुनी टेकडीच आहे.

गाडी चालवताना याचा उपयोग असा. वारा दक्षिण-नैऋत्येकडून येत असल्यामुळे टेकडीची ती बाजू चढायला सोपी आणि दाबलेली असते. पलीकडची, उत्तरेकडची बाजू खडी आणि भुसभुशीत. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार, म्हणजे खडी बाजू तुमच्या तोंडावर येणार. आमचा बदू (बेदुइन) वाटाड्या तिथे कधी जोर लावायचा नाही. लांबून वळसा घालायचा आणि माथ्याच्या अलीकडे गाडी थांबवून पायी वर जाऊन पलीकडे बघून यायचा. जावईबापूंना व्हिडिओतल्यासारखं माथ्यावरून उडी घ्यायची हौस असेल, तर ती आधी मस्कतजवळ कुठेतरी भागवून घ्या. तिथे निदान गाडी ओढून न्यायला क्रेन मिळते.

आता सबखा. वाळूपेक्षा मला तुमच्यासाठी याची जास्त धास्ती आहे. वाळूत रुतलेली गाडी दिसते तरी. सबखात ती आत जात राहते. किनाऱ्याच्या आतल्या बाजूला मिठाची सपाट जमीन लागेल. पांढरी, कडक, क्रिकेटचं मैदान करावं अशी. वर पापडासारखा पापुद्रा आणि खाली ओला काळा चिखल. पापुद्रा फुटला की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला म्हणजे उशीर झालाय असं समजायचं. वाटाड्या उतरून टाच आपटायचा आणि आवाज ऐकायचा. मी माझी पहार मारून बघायचो. पहार टण्ण वाजली तर ठीक. 'फस्' करून गेली आणि बाहेर काढल्यावर टोकाला काळं लागलं तर मागे फिरायचं. रंगही बघत जा. पांढऱ्याशुभ्र भागात जिथे तपकिरी, ओलसर झाक दिसते, तिथे पाणी वर आलेलं असतं. उधाणानंतर किंवा चार थेंब पाऊस पडल्यानंतर कालची कडक जमीन आज तशी नसते. पूर्वीच्या चाकोऱ्या असतील तर त्यांतूनच जा, आणि त्या चाकोऱ्या मध्येच खोल होऊन वळलेल्या दिसल्या तर तिथे कुणाची तरी फजिती झालीय हे ओळखा.

भरती-ओहोटीचं. कॅम्पातला आमचा कुक रत्नागिरीचा होता. तिथीला पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली, हे कोकणातलं गणित त्याला तोंडपाठ. अष्टमीला सहा वाजता, असं. ते गणित त्याने मोठ्या ऐटीत तिथे लावलं आणि साफ चुकलं, कारण भरतीची वेळ बंदराबंदराला वेगळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, एवढं मात्र कुठेही खरं. रोजची वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. तुमच्या सुट्टीत पौर्णिमा येतेय, मी कालनिर्णय बघितलं. उधाणात ओहोटीचं पाणी खूप लांब जातं, किनारा हायवेसारखा रुंद होतो आणि माणसाला वाटतं आपल्याकडे वेळच वेळ आहे. त्याच दिवशी पाणी सगळ्यात वरपर्यंत परत येतं. खलूफच्या पुढे पांढऱ्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात. तिथे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भिंत, मधली पट्टी ओहोटीपुरतीच. त्यामुळे ओहोटी सुरू झाल्यावर निघा आणि पाणी वळायच्या आत पट्टी संपवा. ओहोटी पूर्ण झाल्यावर निघालात तर अर्धा वेळ गेलेला असतो.

तक्ता मोबाइलवर मिळेल, पण खलूफच्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाळ्यांनी भरलेली त्यांची पिकअप किनाऱ्यावरून रोज धावते. आपल्या नाशकात पूर किती आला हे विचारायला कुणी धरणाचे आकडे बघत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलंय ते विचारतो; तसं त्यांचंही काहीतरी असतं. एखादा खडक, एखादी फुटकी होडी. त्यांची पिकअप परत फिरली की तुम्हीही फिरा, कारण विचारत बसू नका. थांबून सलाम-दुआ करा, कॉफी दिली तर प्या. तिथे घाईत विचारलेल्या प्रश्नाला घाईतलंच उत्तर मिळतं.

बर अल हिकमानच्या चिखलपट्टीत गाडी अजिबात घालू नका. हिवाळ्यात तिथे पाच लाखांच्या घरात पक्षी उतरतात. लहानपणी तुला नांदूर मध्यमेश्वरला नेलं होतं तेव्हा रोहित पक्षी बघून तू डबा खायचा विसरली होतीस. इथे ते आहेतच, शिवाय खेकडे फोडून खाणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हरही आहे. कडेला गाडी उभी करा, दुर्बीण घ्या, बसा. तिथे पाणी लाटेसारखं येत नाही. सपाट जमिनीवर नुसतं पसरत येतं, आणि पायाखाली ओलं झाल्यावरच कळतं. मसिरा बेटावर फेरीने जायचं ठरलंच तर कासवांच्या किनाऱ्यावर रात्री दिवे लावून हिंडू नका. मोठ्या डोक्याच्या समुद्री कासवांचं ते जगातल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. अलीकडे त्यांची संख्या खूप घटलीय. अंडी घालायचा हंगाम उन्हाळ्याचा, तुमच्या वेळी कदाचित काही दिसणार नाही. पण चाकांच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू बाहेर चढू शकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर, वाऱ्याकडे पाठ करून लावा. पहाटे दव इतकं पडतं की उशी पिळून काढावी लागते. आई म्हणते प्लास्टिकची ताडपत्री घे. घेच.

जळण मस्कतहूनच घेऊन जा. वहिबाच्या कडेला गाफची झाडं दिसतील. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, तेच हे झाड. वाळलेली वाटली तरी फांदी तोडू नका. वाळवंटात उंटांना, शेळ्यांना आणि माणसांना सावली तेवढीच.

गाडीचं माझ्या खात्यातलं. वाळूला लागायच्या आधी टायरमधली हवा ३५ पीएसआयवरून १८ वर आणा, फारच मऊ लागली तर १५. त्याखाली उतरलात आणि जोरात वळवलंत की टायर रिमवरून निघतो. डांबरावर परत आल्याबरोबर हवा भरा, मग चहा. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक फिरतं तेवढं खाली जातं. उतरा, चारही चाकांच्या पुढची-मागची वाळू काढा, पोटाखालची काढा (ती सगळे विसरतात), आणि आलात त्याच चाकोरीत मागे घ्या. दोरी ओढायच्या हुकालाच बांधा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. तो गोळा तुटला तर गोळीसारखा येतो. दोरीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढायलाही नाही. दुसरी गाडी सोबत आहे हे वाचून बरं वाटलं. तिच्यात तुमच्याच मापाची स्टेपनी आहे का ते बघ. पेट्रोलची टाकी हिज गावात काठोकाठ भरा. अर्धी आहे, पुढे बघू, असं तिथे करायचं नाही.

दुक्मचं तू विचारलंस की 'बघून वाईट वाटेल का'. मला तर वाटणार नाही. मी बघितलं तेव्हा तिथे कोळ्यांची वस्ती आणि वाळत घातलेल्या तारल्या होत्या. वाळल्या की उंटांना चारायच्या. आता बंदर आहे, जहाजदुरुस्तीची गोदी आहे, २०२४ मध्ये रिफायनरीचं उद्घाटनही झालं. किनाऱ्याने डांबरी रस्ता आलाय आणि वारा त्यावर वाळू टाकत असतो, यंत्रं ती काढत असतात. मस्कतमधल्या हौशी मंडळींना आता 'मजा गेली' असं वाटतं म्हणे. आमच्या काळात अडलेल्या बाईला पिकअपच्या हौद्यात गादी टाकून रात्रभर न्यावं लागायचं. त्या मंडळींनी एकदा त्या हौद्यात बसून बघावं. ज्याला खडतर रस्ता हवा त्याने डांबर सोडून शंभर पावलं जावं, वाळू तिथेच आहे.

हळहळ वाटते ती आतल्या माळरानावरच्या ओरिक्सची. १९८२ मध्ये ते हरीण तिथे परत सोडलं होतं. १९९४ मध्ये ती जागा जागतिक वारशात गेली आणि २००७ मध्ये यादीतून काढून टाकली. अशी काढलेली ती पहिलीच जागा. धुक्याने ओल्या झालेल्या गवतावर ते तहान भागवायचं. शिकार आणि तेल, दोन्ही त्याच्या मुळावर आले. रस्त्याबद्दल मी जे म्हणतो ते या बाबतीत म्हणता येत नाही, हेही मला कळतं. त्यावर आपण तू आल्यावर भांडू.

इकडे सगळं ठीक. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, द्वारका चौकातून गाडी काढताना मला वाळूतला लो-रेंज गिअर टाकावासा वाटतो. थंडी पडलीय, निफाडवाल्यांना द्राक्षांची काळजी लागलीय. आईने चिवडा आणि मेथीचे ठेपले करून ठेवलेत, मस्कतला परतणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर पाठवतेय. ठेपले गाडीत पुढे ठेव, डिकीत नको, नाहीतर पेट्रोलचा वास लागतो.

हिज सोडताना फोन कर. कुठल्या वाटेने जाताय आणि परत नेटवर्कमध्ये कधी येणार, ते मस्कतमधल्या एका मैत्रिणीला लिहून दे, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून तिने पोलिसांना कळवायचं, तेही ठरवून दे. आईला यातलं फार सांगू नकोस.

तुझे,
पप्पा

ता. क. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी घ्यायला विसरू नका. वाळूत नुसता जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाड पुरेल. त्यावरच स्टोव्हही सरळ उभा राहतो.