उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : कारखाना जातो, वीस तारीख राहते

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मोठा प्रकल्प राज्याबाहेर गेला की आठवडाभर एकच भांडण चालते : तो कोणाच्या काळात गेला. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातच्या वाट्याला गेला तेव्हा हेच झाले. टाटा-एअरबसची विमाने बडोद्याला बनणार हे कळले तेव्हाही तेच. २०२३ मध्ये सरकारने श्वेतपत्रिकाही मांडली. पण जो कारखाना इथे उभा होता, ज्याच्या जिवावर भोसरी, तळवडे, चाकणच्या गाळ्यांत यंत्रे बसली, तो आपले काम इथून काढून घेतो तेव्हा मागे राहिलेल्या जॉबवर्कवाल्याचे, म्हणजे कंपनीच्या मालावर मजुरीने काम करून देणाऱ्या लहान कारखानदाराचे काय होते, यावर आम्हाला कोणी विचारलेले नाही. म्हणून हे पत्र.

निमित्त २२ सप्टेंबर २०२५ चे आहे. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या गाड्या २८ टक्क्यांवरून १८ वर आल्या, एसी १८ वर आला. देशभर बचतीचा उत्सव जाहीर झाला. त्याच दिवशी, दराच्या यादीत वेगळी नोंद नसलेल्या जॉबवर्कचा दर १२ वरून १८ टक्के झाला. आमचे मशिनिंग त्यातच मोडते. म्हणजे गाडीवरचा कर दहा टक्क्यांनी उतरला आणि त्याच गाडीच्या ब्रॅकेटला भोक पाडण्याच्या मजुरीवरचा सहा टक्क्यांनी चढला. छपाई आणि चामड्याच्या जॉबवर्कला ५ टक्के मिळाले, त्यांचा आनंद आहे. यंत्रकामाची बाजू दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत आपल्या राज्याकडून कोणी मांडली, हे आम्हाला कळायला हवे.

अधिकारी लगेच सांगतील की दर वाढला तरी कंपनीला वजावट मिळते, म्हणजे तुमच्या बिलावरचा कर ती आपल्या करातून वजा करते, मग तुमचे काय गेले? काय गेले ते आकड्यांत मांडतो.

दोन व्हीएमसी, तीन सीएनसी, म्हणजे धातू कापणारी पाच संगणकी यंत्रे, असा एक गाळा धरा. महिन्याची मजुरी ६ लाख. जॉबवर्कमध्ये माल कंपनीचा, त्यामुळे आमच्या खरेदीत वजावट मिळण्यासारखे फार थोडे असते : इन्सर्ट (कापणारी पाती), ड्रिल, कूलंट, पॅकिंग, किरकोळ दुरुस्ती. ही खरेदी ८० हजारांची धरली तर वजावट १४,४०० रुपये. सर्वांत मोठे दोन खर्च म्हणजे पगार आणि वीज. पगारावर जीएसटी नसतो, आणि वीज जीएसटीच्या बाहेर असल्याने बिलातल्या वीजशुल्काचा एक रुपयाही वजा होत नाही. जुन्या दराने कर ७२ हजार, वजावट काढून रोख ५७,६००. नव्या दराने कर १ लाख ८ हजार, रोख ९३,६००. महिन्याला ३६ हजार जास्त.

आता तारखा पाहा. जूनच्या बिलांचा कर २० जुलैला भरायचा. कंपनीची अट महिनाअखेरपासून ९० दिवसांची, म्हणजे जूनचे पैसे सप्टेंबर संपताना. तोवर जुलैचा कर २० ऑगस्टला आणि ऑगस्टचा २० सप्टेंबरला भरून झालेला असतो. २० सप्टेंबरला आमचे तीन महिन्यांचे, म्हणजे २ लाख ८० हजार ८०० रुपये सरकारकडे जमा असतात, आणि ज्या कामावर ते भरले त्याचा एक पैसा हाती आलेला नसतो. जुन्या दराने ही रक्कम १ लाख ७२ हजार ८०० होती. कंपनी मात्र आमचे बिल तिच्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या वजावटीच्या यादीत दिसले की वजावट घेऊन मोकळी होते. तिला आमचे पैसे १८० दिवसांत द्यायचे बंधन आहे, तोवर वजावट परत करावी लागत नाही. म्हणजे तिचा कर आमच्या कॅश क्रेडिटमधून, बँकेच्या उचलीतून भरला जातो आणि व्याज आम्ही सोसतो.

वीस तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि १८ टक्के व्याज. शुल्काचे दुखणे मोठे नाही, पुढची साखळी जीव घेते. थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र राहिले की पुढच्या महिन्याचा जीएसटीआर-१, म्हणजे बिलांची यादी भरता येत नाही. तो भरला नाही की कंपनीला आमचे बिल दिसत नाही. बिल दिसत नाही म्हणून ती आधी कराची रक्कम रोखते, मग बिलच रोखते. दोन विवरणपत्रे राहिली की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा परवाना बंद. ज्याच्याकडे कर भरायला पैसे नाहीत त्याचे पैसे यायची वाट कायदाच बुजवतो. तिमाही विवरणाची सवलत आहे म्हणाल, तर विवरण तिमाही असते, कर नव्हे. तो दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो.

कंपनी धडधाकट चालू असतानाचे हे गणित. आता ती निघते तेव्हा काय होते ते सांगतो, कारण मंत्रालयात हे कधी पोहोचतच नाही.

कंपनी जाणार हे वर्तमानपत्रात येण्याच्या कितीतरी आधी गाळ्यात कळायला हवे, पण कळत नाही, कारण पहिले लक्षण चांगल्या बातमीसारखे असते. शेड्यूल अचानक वाढते. लाइन दुसरीकडे बसवायची तर मधल्या काळासाठी तयार मालाचा साठा लागतो, म्हणून दीड-दोन महिन्यांचा स्टॉक बांधून मागतात. रविवारची पाळी लागते, जास्तीचे इन्सर्ट उधारीवर येतात, ओव्हरटाइम दिला जातो. नव्या पार्टची चौकशी मात्र थांबलेली असते, ड्रॉइंग येत नाहीत. हे ज्याच्या लक्षात आले तो वाचतो. मग कंपनीच्या मालकीची फिक्स्चर आणि गेज (पार्ट धरण्याची आणि मोजण्याची साधने) तपासणीसाठी म्हणून चलनावर परत मागवली जातात. आठवड्याचे पक्के शेड्यूल ‘गरजेप्रमाणे’ या शब्दावर येते. शेवटी हिशेब जुळवायचा म्हणून पत्र येते आणि त्यासोबत दोन-दोन वर्षांपूर्वीच्या रिजेक्शनच्या डेबिट नोट, म्हणजे नाकारलेल्या मालापोटी पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या. ज्या पार्टवर तेव्हा कोणी बोट ठेवले नव्हते, तो आता मापात नव्हता म्हणतात, आणि दाखवायला पार्ट शिल्लक नसतो.

गाळ्यात पडलेल्या कंपनीच्या कच्च्या मालाचेही तसेच. जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत गेला नाही तर तो विकला असे धरून कंपनीवर कर लागतो. तो भार आमच्या बिलातून कापला जातो, मग माल उचलायला गाडी त्यांनीच पाठवलेली नसली तरी.

त्या वेळी बँकही हात काढते. कॅश क्रेडिटची उचल किती द्यायची हे ठरवताना ९० दिवसांवरची येणी सहसा धरत नाहीत. कंपनीने पैसे लांबवले की आमची येणी वाढतात आणि मर्यादा आटते. पैशांची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यात.

‘मग तुम्हीही कंपनीबरोबर जा’ असे सांगणारे सल्लागार असतात. व्हीएमसी हलवणे म्हणजे सोफा हलवणे नव्हे. नवा पाया, लेव्हलिंग, अचूकतेची पुन्हा तपासणी, पार्टची पुन्हा मंजुरी. ऑपरेटर बायकामुले सोडून येत नाहीत. शिवाय दुसऱ्या राज्यात जीएसटीची वेगळी नोंदणी लागते, आणि इथल्या खात्यात साठलेली वजावट तिकडच्या नोंदणीवर नेता येत नाही. ज्या करपद्धतीची ओळख ‘एक देश, एक कर’ अशी करून दिली गेली, तिथे लहान उद्योजकाची वजावट राज्याच्या सीमेवर अडते.

बंद करायचे म्हटले तर बंद करायलाही कर आहे. ३० लाखांच्या यंत्रावर ५ लाख ४० हजार वजावट घेतली आणि दोन वर्षांनी नोंदणी रद्द करावी लागली, तर यंत्राचे आयुष्य ६० महिने धरून उरलेल्या ३६ महिन्यांची वजावट परत करावी लागते. ती होते ३ लाख २४ हजार. यंत्राच्या त्या दिवसाच्या किमतीवरचा कर जास्त होत असेल तर तो. काम गेले, हप्ता चालू आहे, आणि शटर ओढण्याआधी सव्वातीन लाख आणा. कर्ज पाच वर्षांचे असते, साहेब. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. मध्ये एका चिनी कंपनीशी झालेला खरेदीचा करार फिसकटला. ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि तिथून पुन्हा गाडी बाहेर पडायला २०२५ उजाडले. जवळपास एक पूर्ण कर्ज फिटायचा काळ. कागदावर तो कारखाना आज ‘परत आला’ आहे. त्या पाच वर्षांत ज्यांनी यंत्रे विकली ते परत आलेले नाहीत.

कायदे आहेत, हे आम्हालाही ठाऊक आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. काम चालू असताना ते व्याज मागितले की पुढचे शेड्यूल येत नाही. लहान उद्योगांचे पैसे वेळेत न दिल्यास तो खर्च अमान्य करणारे आयकराचे ४३ब(ह) कलम २०२४ पासून लागू झाले तेव्हा आम्हाला आशा वाटली होती. पण एप्रिल ते जानेवारी कितीही लटकवा, ३१ मार्चच्या आत पैसे सोडले की त्या कलमाचा दात पडतो. तोट्यात गेलेल्या कंपनीला तर खर्च अमान्य होण्याची भीतीच नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लहान पुरवठादाराच्या बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या व्यासपीठावर नोंदणी सक्तीची केली, पण तिथे आमचे बिल स्वीकारण्याची सक्ती नाही. थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कलम आहे. ते ९० दिवस कोणत्या कॅलेंडरने मोजतात, हे एकदा परिषदेच्या कार्यालयात जाऊन विचारा.

मोठ्यांसाठी मात्र दार वेगळे आहे. विशाल प्रकल्पाला उच्चाधिकार समिती बसते, राज्य जीएसटीशी जोडलेले अनुदान मिळते, वीजशुल्क आणि मुद्रांक शुल्क माफ होते. दावोसला जानेवारी २०२५ मध्ये १५ लाख ७० हजार कोटींचे करार झाल्याचे सांगितले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीतल्या पत्राशेड बुलडोझरने पाडल्या गेल्या. त्यातल्या किती नियमात होत्या हा वाद करा, जरूर करा. पण लहान माणसाला परवडेल असा नियमातला गाळा या पट्ट्यात कुठे मिळतो, तेही त्याच दमात सांगा. गुजरातशी स्पर्धा करायची म्हणून तिजोरी कोणासाठी उघडता आणि भरता कोणाच्या वीस तारखेने, हा आमचा प्रश्न आहे. आणि एवढी ओढाताण झालेल्या वेदांतबरोबरच्या त्या प्रकल्पातून फॉक्सकॉन जुलै २०२३ मध्ये बाहेरही पडली.

दर कमी करा ही मागणी मी पहिली ठेवत नाही. तारीख बदला. लहान जॉबवर्कवाल्याने कर पैसे हाती आल्यावर भरावा. हे अशक्य नाही : जीएसटीच्या आधी, सेवाकराच्या काळात, ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना पैसे आल्यावर कर भरण्याची मुभा याच देशात होती. कंपनीला वजावटही तेव्हाच मिळावी, म्हणजे पैसे वेळेवर देण्याची घाई तिला होईल. अर्थखाते तुमच्याकडे नाही, पण मंत्रिमंडळ एकच आहे, आणि जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचे मत आहे.

दुसरी गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. निघणाऱ्या कंपनीला तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची संमती लागते. कोट्यवधींचा तो व्यवहार त्या एका सहीवर अडलेला असतो. त्या अर्जाला एक प्रमाणपत्र जोडायला लावा : सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची सर्व देणी चुकती, वादातल्या डेबिट नोटची रक्कम महामंडळाकडे ठेव म्हणून जमा. नवा कायदा लागत नाही, दिल्लीला जावे लागत नाही. महामंडळाच्या बैठकीत एक ठराव पुरे. अनुदानाचा हप्ता सोडतानाही हेच प्रमाणपत्र मागता येईल.

महामंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेणार की नाही, एवढेच कळवा. उत्तर २० तारखेच्या आत आले तर बरे होईल.

कळावे,
भोसरी-तळवडे पट्ट्यातला एक जॉबवर्कवाला