‘नाटा’त निरीक्षणचित्राचा प्रश्न हवा

महोदय,

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर 2006 पासून ‘नाटा’ ही अभिक्षमता चाचणी घेते. 2021 ते 2023 या काळात ती संपूर्णपणे संगणकावर घेतली गेल्याने हाताने चित्र काढणे परीक्षेतून बादच झाले होते. 2024 मध्ये ते परत आले. आता 200 पैकी 80 गुण कागदावरील रेखाटन, रंगसंगती आणि दिलेल्या साहित्यातून उभी करायची त्रिमित रचना यांना आहेत, याचे अध्यापक या नात्याने मी मनापासून स्वागत करतो.

मात्र रेखाटनाचा प्रश्न बहुधा स्मरणातून किंवा कल्पनेने काढायच्या दृश्याचा असतो आणि त्यामुळे शिकवणी वर्गांत बाजार, रेल्वेचा फलाट, बागेत खेळणारी मुले अशी ठरावीक दृश्ये गिरवून घेतली जातात. त्याचा परिणाम पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत दिसतो. ज्याचे फलाटाचे चित्र सफाईने उतरते, त्याच विद्यार्थ्याला महाविद्यालयाचा जिना समोर बसून काढायला सांगितला की पायरीच्या उंची-रुंदीचे प्रमाण बिघडते, लँडिंग, म्हणजे पायऱ्यांमधला सपाट टप्पा, भलतीकडेच वळते आणि कठडा पायऱ्यांना सोडून जातो. समोरची वस्तू नीट पाहणे आणि तिची मापे नजरेने धरणे, हे चाचणीत तपासले जायलाच हवे.

त्यासाठी परीक्षा केंद्रावर खुर्ची, अर्धवट उघडे खोके अशा साध्या वस्तू समोर ठेवून त्यांचे रेखाटन करायला सांगावे आणि नंतर तीच मांडणी मागून कशी दिसेल तेही काढायला लावावे. त्रिमित रचनेचे साहित्य सर्व केंद्रांवर पुरवता येते, तर हेही अशक्य नाही. जेईई मुख्य परीक्षेच्या वास्तुकलेच्या पेपरमध्ये 400 पैकी 100 गुण चित्रकलेला आहेत. तिथेही असा प्रश्न यावा.

दुसरी विनंती मूल्यमापनाविषयी आहे. प्रमाण, रचना, छायाप्रकाश यांचे गुण वेगवेगळे दाखवून तपासलेल्या चित्राची प्रत उमेदवाराला मिळावी. ‘नाटा’ वर्षात एकापेक्षा अधिक वेळा देता येते, पण पहिल्या वेळी नेमके काय चुकले हे कळलेच नाही, तर पुढच्या संधीसाठी विद्यार्थी पुन्हा शिकवणीचीच फी भरतो.

— वास्तुकलेचा एक अध्यापक